तुझं एटीएम कार्ड कुणाकडे असतं?

शुक्रवारचा लंच. अख्खी टीम बाहेर निघालेली. ती मात्र नेहमीसारखीच, ‘डबा आणलाय गं, तुम्ही या जाऊन!’ डबा दर वेळी असतोच असं नाही. पगार तुमच्याआमच्याएवढाच, पण कार्ड नवऱ्याकडे. पगार जमा झाल्याचा मेसेजही त्याच्याच फोनवर. हिला रोज मोजून शंभर रुपये आणि रात्री त्यांचा हिशेब! विचारलं, तर म्हणते, ‘अगं, तो मारत वगैरे नाही.’

हे ‘मारत नाही’ म्हणजे सगळं आलबेल, असं कायदा मानत नाही बरं का! २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात मारहाण आहेच. पण अपमान, लैंगिक जबरदस्ती आणि आर्थिक छळही आहे. पगार काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन दाबून ठेवणं, हे सगळं हिंसाच. लग्नासारखं एकत्र राहत असाल, तरी हा कायदा तुमच्यासाठी आहे.

‘पण घर सासऱ्यांच्या नावावर आहे, जाऊ कुठे?’ जायचं कशाला? राहत्या घरात राहण्याचा हक्क कायद्याने दिलाय. घर सासू-सासऱ्यांचं आहे, एवढ्यावरून तो नाकारता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं.

‘नवऱ्याला जेलमध्ये नाही घालायचं गं!’ नको घालूस. संरक्षण अधिकाऱ्याच्या मदतीने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. छळ थांबवा, घराबाहेर काढू नका, खर्चाला पैसे द्या, असे आदेश मिळू शकतात. अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून अंतरिम आदेश जरूर मागायचा. संरक्षणाचा आदेश मोडला, तर मात्र तो गुन्हा: एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१, जिवावर बेतलं तर ११२. १५१०० वर विधी सेवा प्राधिकरण. पगार कितीही असो, बाईला वकील मोफत मिळतो. मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये ‘दिलासा’ केंद्र आहे. पोलिसांसोबत काम करणारा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष तर १९८४ पासूनचा.

आणि आपण काय करायचं? चांगल्या हेतूने कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, त्यासाठी कुणी तुम्हाला कोर्टात खेचू शकत नाही. पण आधी तिला विचारा. पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंट्स, दागिन्यांची बिलं यांच्या कॉपीज घराबाहेर सुरक्षित ठेवायला सांगा.

येत्या शुक्रवारी तिला लंचला घेऊन जा. बिल तुम्ही भरा. ‘सोडून दे त्याला’ असं चुकूनही म्हणू नका. फक्त १८१ हा आकडा सांगा. फोन कधी करायचा, ते तिचं ती ठरवेल.