आग न्हाणीबाहेरच हवी

पावसाळा ओसरून पहाटेचा गारवा जाणवू लागला की बाजारात गीझरची विचारपूस सुरू होते. गिऱ्हाईक किंमत विचारते, किती लिटरचा ते विचारते, हमी किती वर्षांची तेही विचारते. परंतु तो घरात बसवावयाचा कोठे, हे मात्र प्लंबरच्या मर्जीवर सोडून देते. आमच्या मते तोच पहिला प्रश्न असावयास हवा. गॅसच्या गीझरच्या बाबतीत तर तो जीवनमरणाचा प्रश्न आहे.

आपल्या वाडवडिलांनी तो केव्हाच सोडविला होता. गोमंतकातील जुन्या घरांत न्हाणी मागल्या अंगाला असे. तांब्याच्या भाणाखाली लाकडे नि करवंट्या पेटत आणि धूर कौलांच्या फटींतून वर जाई. त्याने डोळे चुरचुरत हे खरे; पण तो डोळ्यांना दिसे, नाकाला कळे आणि त्याला बाहेर पडावयास वाट असे.

आजच्या फ्लॅटमधील न्हाणीघर म्हणजे चहूबाजूंनी बंद अशी चिंचोळी खोली. एक भाग गॅस पुरता जळण्यास सुमारे २५ ते ३० भाग हवा लागते. कोंदट जागेत ती अपुरी पडली की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळला तर त्यात मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा दर्प तरी येतो. याची चाहूलही लागत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा सुमारे २०० पट अधिक ओढीने धरून ठेवते. डोके दुखते, भोवळ येते, अंगातील बळ जाते; आणि दाराला आतून कडी! देशातील अनेक शहरांतून दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या वार्ता येतात.

गॅसचा गीझर पाणी झटपट देतो, वीज गेली तरी चालतो, हे आम्ही नाकारीत नाही. मात्र तो मोकळ्या बाल्कनीत वा बाहेरच्या भिंतीवर बसवावा आणि आत केवळ गरम पाण्याची नळी आणावी. ‘खिडकी उघडी ठेवू’ हा उपाय भरवशाचा नव्हे. थंडीवाऱ्यात ती हमखास लावली जाते. बाहेर जागाच नसेल तर विजेचा गीझर घ्यावा. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर नेण्यास जेमतेम अर्धे युनिट वीज लागते. आयएसआय चिन्ह, नीट केलेले अर्थिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांत मात्र काटकसर नको. स्वतःचे छप्पर असलेल्यांना सौरबंब उत्तम. तो दक्षिणाभिमुख असावा, त्यावर माडांची सावली नसावी आणि पावसाळ्यासाठी विजेची जोड असावी.

हा भार एकट्या गिऱ्हाइकावर टाकून चालणार नाही. बिल्डरांनी नकाशातच गीझरसाठी मोकळी जागा राखावी. नगरपालिका व पंचायतींनी घरात राहण्यास परवानगी देताना ती तपासावी. विक्रेत्यांनी बंद न्हाणीत गॅसचा गीझर बसवून देण्यास साफ नकार द्यावा. खोल्या भाड्याने देणाऱ्यांवर तर ही जबाबदारी दुप्पट आहे.

आणि आंघोळीला गेलेल्या माणसाने हाकेला ओ दिली नाही, तर संकोच न करता दार फोडावे, त्याला उघड्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि तत्काळ इस्पितळ गाठावे. ज्यांच्या न्हाणीत आज गॅसचा गीझर आहे, त्यांनी तो बाहेर हलविण्यास दिवाळीची वाट पाहू नये. खर्च काय तो चार हात नळीचा आणि एका दिवसाच्या मजुरीचा!