लाखभर नोकऱ्यांचं सुतक

सप्टेंबर २०२२मध्ये वेदांता-फॉक्सकॉन तळेगावऐवजी गुजरातला गेला, तेव्हा आमच्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपवर सुतक होतं. एक लाख नोकऱ्या गेल्या म्हणे! मीही तावातावाने लिहिलं: त्यांनी सवलती जास्त दिल्या, आपण झोपलो. जुलै २०२३मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली. त्या लाखातली एकही नोकरी ना तळेगावात दिसली, ना ढोलेऱ्यात.

याच कंपनीने २०१७मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याला १३,००० नोकऱ्यांचा शब्द दिला होता. बदल्यात जवळपास ३ अब्ज डॉलरच्या सवलती. २०२१मध्ये नवा करार झाला: १,४५४ नोकऱ्या, ८ कोटी डॉलर. राज्याचा खजिना बराचसा वाचला, कारण करसवलत प्रत्यक्ष भरतीला बांधलेली होती. माउंट प्लेझंट गावाने मात्र घरं उठवून जमीन घेतली होती, रस्ते बांधले होते. ते पैसे आधीच गेले.

आमचा क्लायंट डेमो बघून बिल पास करत नाही, सॉफ्टवेअर चाललं तर करतो. (तरी तीन महिने लावतो, ते सोडा.) आपण मात्र सामंजस्य करारावर सह्या झाल्या की पेढे वाटतो. पाच वर्षांनी त्या कारखान्यात किती जणांचा पीएफ भरला जातो, हे ग्रुपवर कुणी विचारलेलं मला आठवत नाही. मीसुद्धा नाही.