वडिलांनी दिलेले भांडवल

व्यापारी घरात वडिलांच्या प्रेमाचे मोजमाप बहुधा त्यांच्या कष्टांवरून होते. सकाळी दुकान उघडणारे आणि रात्री गल्ला मोजून, वह्या मिटून घरी परतणारे वडील मुलांसाठीच राबत असतात, हे घरातील सारे जाणतात. तथापि मुले मोठी होऊन आपापल्या उद्योगाला लागली की त्यांच्या मनात वडिलांचे नेमके काय उरते, हा प्रश्न निराळा आहे. त्याचे एक विचार करायला लावणारे उत्तर अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्या आठवणींत सापडते. १९६५ सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी. आपली घडण कशी झाली हे सांगताना ते आपल्या वडिलांविषयी पुनःपुन्हा आणि भरभरून बोलत. आणि ते वडील कोणी प्राध्यापक नव्हते. ते गणवेशांचा व्यवसाय करणारे गृहस्थ होते.

मेल्व्हिल फाइनमन यांचा जन्म १८९० साली मिन्स्क येथे झाला. लहानपणीच ते कुटुंबासह अमेरिकेत आले. पुढे त्यांनी निरनिराळे धंदे करून पाहिले. कशातही फारशी बरकत आली नाही. अखेर गणवेशांच्या विक्रीत ते स्थिरावले. विज्ञानाची त्यांना विलक्षण ओढ होती. परंतु शास्त्रज्ञ होण्याची संधी त्यांना लाभली नाही. पत्नी गरोदर असताना त्यांनी भाकीत केले होते की मुलगा झाला तर तो शास्त्रज्ञ होईल. ११ मे १९१८ रोजी न्यूयॉर्क येथे रिचर्ड यांचा जन्म झाला.

असे भाकीत पुष्कळ पिते करतात आणि मग ते मुलावर लादतात. मेल्व्हिल यांनी मात्र वेगळी वाट धरली. मूल उंच खुर्चीत बसून जेवण्याच्या वयाचे असतानाच त्यांनी रंगीत फरश्यांचे छोटे तुकडे आणले. दोन पांढरे, मग एक निळा, पुन्हा दोन पांढरे, असा क्रम बाळाने लावावा, हा तो खेळ. मुलाला हवा तिथे निळा तुकडा ठेवू द्यावा, असे आईचे म्हणणे. परंतु क्रम ओळखणे ही गणिताची पहिली पायरी आहे, हे वडील जाणून होते.

घरात एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका होता. वडील मुलाला मांडीवर बसवून त्यातील मजकूर वाचून दाखवीत. एका प्रचंड प्राण्याची उंची पंचवीस फूट आणि डोक्याची रुंदी सहा फूट असल्याचे वाचले की ते थांबत आणि त्याचा अर्थ उलगडून सांगत. हा प्राणी आपल्या अंगणात उभा राहिला तर त्याचे डोके वरच्या मजल्यावरील खिडकीपर्यंत पोहोचेल, पण खिडकीपेक्षा डोके रुंद असल्याने ते आत शिरणार नाही! वाचलेल्या आकड्याचा व्यवहारात अर्थ काय, हे पाहण्याची सवय मुलाला अशी लागली. वहीतील आकड्यामागे प्रत्यक्ष माल किती आहे हे पाहणाऱ्या व्यापाऱ्याला या सवयीचे मोल सांगावे लागत नाही.

उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधील अनेक कुटुंबे कॅटस्किलच्या डोंगराळ भागात जाऊन राहत. पुरुष मंडळी आठवडाभर शहरात कामावर असत आणि केवळ शनिवार-रविवारी तेथे येत. मेल्व्हिल यांचाही हाच क्रम होता. त्या दोन दिवसांत ते मुलाला घेऊन रानात फिरायला जात. त्यांचे पाहून इतर मातांनीही आपापल्या पतींकडे तसाच आग्रह धरला. तो निष्फळ ठरला, तेव्हा सगळ्याच मुलांना मेल्व्हिल यांनी बरोबर न्यावे, असे त्यांनी सुचविले. त्यांनी नकार दिला; कारण आपल्या मुलाशी असलेले नाते त्यांना गर्दीत विरू द्यायचे नव्हते. शेवटी इतर वडिलांनाही आपापल्या मुलांबरोबर निघावे लागले.

पुढच्या सोमवारी एका मुलाने रिचर्डला एका पक्ष्याचे नाव विचारले. रिचर्डला ते सांगता आले नाही, तेव्हा तुझे वडील तुला काहीच शिकवीत नाहीत, असा टोमणा त्याने मारला. वस्तुतः वडिलांनी त्या पक्ष्याविषयी आधीच सांगून ठेवले होते. त्याला अनेक भाषांत अनेक नावे आहेत, ती सारी पाठ केली तरी पक्ष्याविषयी काहीच कळत नाही; माणसे त्याला काय म्हणतात एवढेच कळते. तेव्हा तो काय करतो ते पाहावे. मग बापलेक बसून पाहत की पक्षी चोचीने पिसे का टोकरतो. खेळण्यातील गाडा ओढल्यावर त्यातील चेंडू मागे का जातो, असे मुलाने विचारले, तेव्हा त्याला जडत्व म्हणतात असे सांगून वडील थांबले नाहीत. असे का होते हे कोणालाच ठाऊक नाही, हेही त्यांनी सांगितले.

मोठेपणी फाइनमन यांना उमगले की वडील सांगत त्यातील काही तपशील काटेकोर नसत. तरीही त्यामागील विचार योग्य असे, असे ते आवर्जून सांगत. मुलाला काही देण्यासाठी पित्याने सर्वज्ञ असावे लागत नाही. त्याला स्वतःला कुतूहल असावे लागते आणि तो आनंद मुलाबरोबर वाटून घ्यावा लागतो.

व्यवसायातूनही मेल्व्हिल यांनी मुलाला एक धडा दिला. वृत्तपत्रात मोठ्या अधिकारपदावरील व्यक्तीपुढे नतमस्तक झालेल्या लोकांचे छायाचित्र दिसले की ते विचारीत, या माणसात आणि इतरांत फरक कोणता? फरक केवळ पोशाखाचा! गणवेश अंगावर असलेला आणि उतरवलेला माणूस एकच असतो, हे गणवेश विकणाऱ्यापेक्षा अधिक कोणाला कळणार? १९८६ साली चॅलेंजर अंतराळयानाच्या अपघाताची चौकशी करणाऱ्या आयोगात फाइनमन होते. मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत त्यांनी बर्फाच्या पाण्यात रबराचा तुकडा बुडवून थंडीत त्याची लवचिकता कशी हरपते, हे दाखवून दिले. पदाचा मान राखूनही पदाने न दिपण्याचे ते बळ बालपणीच मिळाले होते.

हे भांडवल पुढेही फिरले. रिचर्ड यांची धाकटी बहीण जोन यांच्याविषयी असे भाकीत कोणी केले नव्हते. स्त्रियांची बुद्धी विज्ञानाला पुरी पडत नाही, असा खुद्द आईचाच समज होता. परंतु भावाने एका रात्री बहिणीला झोपेतून उठवून आकाशातील ध्रुवीय प्रकाश दाखविला, तिच्या प्रश्नांना उत्तरे दिली. जोन पुढे नामवंत खगोलभौतिकशास्त्रज्ञ झाल्या आणि ध्रुवीय प्रकाश हाच त्यांच्या अभ्यासाचा एक विषय ठरला.

या कथेला एक व्याकूळ करणारी बाजूही आहे. रिचर्ड एमआयटीमध्ये शिकत असताना एकदा घरी आले. अणूतून प्रकाशाचा कण बाहेर पडतो, तो आधी अणूत असतो काय, आणि नसेल तर येतो कोठून, असे वडिलांनी त्यांना विचारले. मुलाने आपल्या परीने समजावले. वडिलांचे समाधान झाले नाही. ज्या गोष्टी जाणण्यासाठी वडिलांनी आपल्याला इतके शिकविले, त्या त्यांना कधीच नीट समजावता आल्या नाहीत, ही खंत फाइनमन यांनी पुढे बोलून दाखविली. १९४६ साली मेल्व्हिल यांचे निधन झाले. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत मुलाने जे संशोधन सिद्धीस नेले आणि ज्यासाठी त्यांना नोबेल मिळाले, ते प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांच्या परस्परसंबंधांविषयीचेच होते. वडिलांच्या प्रश्नाचाच तो प्रांत. परंतु ते पाहायला वडील उरले नव्हते.

आज अनेक व्यापारी घरांतील मुले संगणक, वित्त वा संशोधन अशा क्षेत्रांत दूरच्या शहरी काम करतात. दिवाळीला ती घरी आली की वडील विचारतात, तू नेमके काय काम करतोस? बहुधा उत्तर मिळते, ‘पप्पा, ते तुम्हाला नाही समजणार.’ या उत्तरात अनादर नसेलही. पण त्याने विषय तेथेच संपतो. ज्या पित्याने बालपणीच्या शंभर प्रश्नांना न कंटाळता उत्तरे दिली, त्याच्या एका प्रश्नासाठी अर्धा तास काढणे अवघड नाही. त्यांना सगळे समजेलच असे नाही. परंतु मुलगा आपल्याजवळ बसून समजावतो आहे, एवढे त्यांना नक्कीच समजेल. वडिलांचे ऋण फिटत नाही, हे खरे. निदान त्याची पोच तरी त्यांच्या हयातीत त्यांच्या हाती द्यावी.