बांध कोरणारा आवाज

आमच्या मराठवाड्यात बांधाचं भांडण तीन पिढ्या चालतं. शेजाऱ्यानं नांगराचं एक तास आपल्यात घातलं की मोजणी येते, फौजदारी होते, सख्खे भाऊ एकमेकांच्या मयतीला जायचे बंद होतात. जाते ती वीतभर जमीन. पण रात्री साडेअकराला एखादं पोरगं शंभर सीसीच्या गाडीची पुंगळी काढून गल्लीतनं तीन चकरा मारतं, अख्ख्या आळीची झोप नेतं, आणि आपण कूस बदलून म्हणतो, "जाऊ द्या, वयच तसं असतं." हे 'जाऊ द्या' मला मान्य नाही. आवाजालाही बांध असतो, आणि तो कोरणारा दुसऱ्याचंच खातो.

बोभाटा नेहमी बुलेटचा होतो. पण आमच्याकडं हा खेळ जास्त करून बापानं हप्त्यावर घेतलेल्या गाडीवर चालतो. दुधाच्या किटल्या डेअरीला न्यायला, आठवडी बाजाराला, म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायला घेतलेली गाडी. मूळचा सायलेन्सर खोलायचा आणि त्या जागी 'पंजाब', 'इंदोरी' असल्या नावानं विकली जाणारी मोकळी नळी ठोकायची. नाहीतर आतली पुंगळीच काढून फेकायची. वरून चालत्या गाडीची चावी बंद-चालू करायची. न जळालेलं पेट्रोल तापल्या नळीत जाऊन पेटतं आणि फटाका वाजतो. म्हणजे बापाच्या घामाचं पेट्रोल वाजवून दाखवायचं.

पोरं म्हणतात, पिकअप वाढतो. कुठला वाढतो? आठ हॉर्सपॉवरच्या आसपासचं इंजिन नळी बदलून बुलेट होत नाही. सायलेन्सरच्या पोटात कप्पे असतात, छिद्रांच्या नळ्या असतात. इंजिनातून येणारा धुराचा धक्का त्यातून फिरता फिरता मऊ होतो, आवाज तिथंच जिरतो. हवा-पेट्रोलचं प्रमाणही कारखान्यात तोच सायलेन्सर धरून बसवलेलं असतं. नुसती नळी मोकळी केली की ते बिघडतं आणि ॲव्हरेज पडतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत धुरातलं विष कमी करणारा कन्व्हर्टर याच वाटेवर असतो. काही जण तोही काढून टाकतात. वाढतो तो फक्त आवाज, आणि तो गाडीवाल्यापेक्षा रस्त्याकडंच्या घरांना जास्त ऐकू येतो.

हे सगळं संभाजीनगरच्या आसपास घडावं, याचा मला जास्त राग येतो. १९८५ साली, तेव्हाच्या औरंगाबादेजवळ, वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. गंगापूर-पैठणकडची, कोरडवाहू रानातली पोरं पाना धरायला शिकली. पुढं इथल्याच हातांनी बॉक्सर, सीटी १००, प्लॅटिना बांधून देशभर धाडल्या. ८० ते १७५ सीसीच्या दुचाकीचा आवाज कारखान्यातच ७७ डेसिबलच्या आत बसावा लागतो. त्यासाठी लाईनीवर कुणीतरी आयुष्य घातलंय. बापानं गाडी शांत करून बाहेर काढायची आणि लेकानं गॅरेजात पाचशे-हजार मोजून तो शांतपणा भंगारात टाकायचा, याला काय म्हणायचं?

जुनी माणसं सांगतात, आमच्या काळी फटफटी वाजायचीच की. खरंय. आमच्या गावात ऐंशीच्या सुमाराला अशा दोन-तीनच गाड्या होत्या. राजदूतचा आवाज ओढ्यापलीकडं आला की बाया म्हणायच्या, जनावराचा डॉक्टर आला. त्या आवाजात निरोप असायचा. आजच्या या आवाजात निरोप कसला? मी आलो, मी गेलो, मी परत आलो!

आणि हे सोसतं कोण? बजाजनगरात रातपाळी करून आलेला कामगार दिवसा पत्र्याखाली झोपायचा प्रयत्न करतो, तो. औरंगपुऱ्याच्या अभ्यासिकेत बापाची ज्वारी विकून आलेलं पोरगं परीक्षेचं पुस्तक उघडून बसतं, ते. घाटी रुग्णालयाच्या आवारात पेशंटचा नातेवाईक चटई टाकून पडलेला असतो, तो. यातला एकही मोठ्या घरचा नाही. बंगल्याला काचा असतात, एसी असतो. फुटकी नळी भिडते ती पत्र्याच्या घराला. खेड्यात तर मुकं जनावरही सुटत नाही. धारेच्या वेळी दारावरून ही गाडी गेली की म्हैस दचकते, पान्हा चोरते. ते दूध कोण भरून देणार?

कायदा नाही असंही नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली आवाजाचा नियम मोडला तर दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयानं २००५ सालीच सांगून ठेवलंय की, बोलायचा हक्क असला तरी दुसऱ्यावर ऐकायची सक्ती करता येत नाही. राज्यातल्या शहरांत पोलीस जप्त सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवतात, फोटो छापून येतात. चांगलं आहे. पण नळी टांगून विकणारं दुकान उघडंच राहतं, ती बसवणारा गॅरेजवाला दुसऱ्या दिवशी पाना घेऊन तयारच असतो. दंडाची पावती जाते दूध विकणाऱ्या बापाकडं. दारू विकणारा मोकळा आणि पिणारा आत, अशातली ही तऱ्हा.

पोरांचा एक सवाल मात्र बिनतोड आहे. "मामा, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला डीजे लागतो, भिंती हादरतात, तवा कुठं असतो तुमचा कायदा?" त्यांचं खरं आहे. मिरवणुकीपुढं मान खाली घालणाऱ्या गावाला गाडीवाल्या पोरावर डोळे वटारायचा अर्धाच हक्क उरतो. पण म्हणून काय करायचं? पाटलानं आपला बांध कोरला म्हणून आपण विधवेचा कोरायचा का? डीजेही बंद झाला पाहिजे आणि नळीही. दोन्हींसाठी तोंड एकाच वेळी उघडलं पाहिजे.

त्या पोरांचं दुखणं मला कळत नाही असं नाही. शिकून नोकरी नाही, रान दीड एकर, लग्न जमत नाही, ग्रामसभेत बोलायला उभं राहिलं तर 'बस खाली' म्हणतात. कुणी ऐकत नाही म्हणून नळी वाजवायची. पण बाबा रे, ज्यानं तुझं ऐकायला पाहिजे तो त्या गल्लीत राहत नाही. तिथं तुझीच रातपाळीची माणसं झोपलेली असतात. ओरडायचंच तर ग्रामसभेत ओरड, तहसीलच्या दारात ओरड, विम्याचे पैसे अडवणाऱ्याच्या टेबलासमोर ओरड. तिथं आवाज चढला तर आम्ही म्हातारेही तुझ्यामागं उभे राहू.

तोवर गावानं एवढं करावं. बांधाच्या भांडणाला पंच जसे रानात जाऊन उभे राहतात, तसं गॅरेजवाल्याच्या दारात उभं राहावं. आणि बापानं गाडीची चावी मागून घ्यावी. हप्ता अजून तोच भरतोय.