नव्या वर्षाचे किलोमीटर कुणासाठी?

डिसेंबर संपत आला की आमच्या सायकल क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आकड्यांचा पाऊस पडतो. कुणी लिहितं, ‘यंदा ६,००० किलोमीटर पूर्ण.’ कुणी घाट किती वेळा चढला ते मोजून सांगतं. मग प्रत्येकानं पुढच्या वर्षाचं उद्दिष्ट जाहीर करायचं, अशी आमची प्रथा. मी सहा वर्षं या क्लबात आहे आणि दरवर्षी मीही आकडाच लिहीत आलो. यंदा लिहायला बसलो आणि अडकलो. का अडकलो, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

आधी क्लबबद्दल. पुण्यातल्या कोंढवा परिसरातले आम्ही चाळीसेक जण. बँकेतले, शिक्षक, दोन डॉक्टर, स्टेशनरीचं दुकान चालवणारे एक काका आणि बाकी माझ्यासारखे आयटीवाले. रविवारी पहाटे साडेपाचला जमायचं, बोपदेव घाट चढून सासवडला मिसळ खायची आणि दिवे घाटानं हडपसरकडे उतरायचं. कुणाचं टायर पंक्चर झालं तर सगळे थांबतात. सर्वांत मागं एक जण मुद्दाम राहतो, म्हणजे दमलेला माणूस एकटा पडत नाही. त्याला ‘स्वीप’ म्हणतात. आठवडाभर स्क्रीनसमोर मान मोडणाऱ्या माणसाला ही रविवारची पहाट काय देते, ते शब्दांत सांगणं कठीण आहे.

क्लबात सगळ्यांचं स्वप्न असतं बीआरएमचं. दिलेल्या वेळेत ठरलेलं अंतर बाहेरची मदत न घेता पूर्ण करायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मिळतात. एका मोसमात चारही केलेत की तुम्ही ‘सुपर रँडोनियर’. ही शर्यत नसते. पहिल्याला बक्षीस नाही, शेवटच्याला हसणं नाही. या सगळ्याचं मूळ फ्रान्समध्ये आहे. १८९१ साली सुरू झालेली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आता दर चार वर्षांनी होते. १,२०० किलोमीटर, कमाल ९० तास. पुढची २०२७ च्या ऑगस्टमध्ये आहे आणि आमच्यातले तिघं आतापासून तिच्या तयारीला लागलेत.

गेल्या वर्षी मीही सुपर रँडोनियरची घोषणा केली होती. २०० झाली, ३०० झाली. ४०० च्या वेळी कराडच्या पुढं गुडघ्यानं साथ सोडली. रात्रीचे अडीच वाजले होते. एका बंद टपरीच्या बाकड्यावर बसून टेम्पोची वाट बघताना मला अब्बांची आठवण आली.

अब्बा भवानी पेठेतून हडपसरच्या कारखान्यात सायकलवर जायचे. अठ्ठावीस वर्षं. काळी, जड, गिअर नसलेली सायकल, हँडलला डब्याची पिशवी, कॅरिअरवर कधी मी, कधी तांदळाचं पोतं. पावसात, उन्हात, रोजा असतानाही. पहिली पाळी असली की पहाटे निघायचे, दुसरी असली की मध्यरात्री परतायचे. त्यांना कुणी ‘सायक्लिस्ट’ म्हटलं नाही. मी साठ हजारांची सायकल घरी आणली तेव्हा त्यांनी ती एका हातानं उचलून पाहिली आणि विचारलं, “एवढे पैसे देऊन चालवायची तूच ना?”

तेव्हा मी हसलो होतो. त्या रात्री हसू आलं नाही. पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणायचे, ते अब्बांसारख्या लोकांमुळं. कामगार, विद्यार्थी, दूधवाले, पोस्टमन, नर्स. आजही पहाटे आमचा क्लब निघतो तेव्हा वाटेत पाववाला भेटतो, सुरक्षारक्षक भेटतो, बांधकामावर जाणारे मजूर भेटतात. आमच्या डोक्यावर हेल्मेट, अंगावर चमकणारं जाकीट, पुढं-मागं दिवे. त्यांच्या सायकलला साधा रिफ्लेक्टरही नसतो. सहा वर्षं आम्ही त्यांना ओलांडून पुढं जातोय. त्यांचे किलोमीटर कुठल्याच ॲपमध्ये मोजले जात नाहीत.

दुसरा धक्का घरातूनच बसला. माझी थोरली बहीण, आमची आपा, प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा घरापासून साडेतीन किलोमीटर. रोज रिक्षा, महिन्याचा खर्च मोठा. जुलैत एकदा मी सायकल पुसत होतो. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, “मला येत होती रे. आठवीत बंद केली.”

“बंद का केलीस?”

“मोठी झालेय म्हणाले.”

बस, एवढंच. कुणी मारलं नाही, कुणी ओरडलं नाही. सायकल मामाच्या मुलाला दिली गेली आणि विषय संपला. त्याच घरात मी नववीत गेल्यावर मला नवी सायकल मिळाली होती. पंचवीस वर्षांत हा हिशेब माझ्या डोक्यातही आला नव्हता. मित्रांनो, आपल्यापैकी किती जणांच्या घरात असा हिशेब पडून आहे? आणि तो फक्त मुस्लिम घरांत आहे असंही नाही. आमच्या क्लबात चाळीस जणांत बायका पाच. महिला दिनाला ‘लेडीज राइड’ होते, गुलाबी टी-शर्ट वाटले जातात, फोटो निघतात. पुढच्या रविवारी पुन्हा पाचच.

‘आपल्यात चालत नाही’ असं म्हणणाऱ्यांना मी तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईची गोष्ट सांगतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं अरिवोळी इयक्कम ही साक्षरता चळवळ जोरात होती. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी साक्षरतेला सायकल जोडली. अक्षर शिकलेल्या बाईला कुठं जायचं तर कुणीतरी सोबत लागणार असेल, तर शिकण्याचा उपयोग अर्धाच, हा त्यामागचा साधा विचार. हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणकामगार, अंगणवाडी सेविका. त्यात मुस्लिम तरुणी मोठ्या संख्येनं होत्या. टोमणे त्यांनीही ऐकले. लेडीज सायकली मिळेनात तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. पुढच्या दांड्यावर मूल बसवता येतं, हा फायदाही त्यांनीच शोधला. पत्रकार पी. साईनाथ यांनी यावर लिहिलं आणि तो लेख पुढं शाळेच्या हिंदी पाठ्यपुस्तकात आला. तीस वर्षांपूर्वी पुदुकोट्टईच्या खेड्यात जमलं ते आज कोंढव्यात का जमू नये?

ऑगस्टपासून आपा आणि मी पहाटे शाळेच्या मैदानावर जायला लागलो. जुनी लेडीज सायकल चार हजारांत मिळाली. आपानं काय घालायचं हा तिचा प्रश्न होता. कापड चाकात अडकू नये म्हणून पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी बसवणं हा माझा. दुसऱ्या आठवड्यात ती पडली, मनगट मुरगळलं, दहा दिवस बंद. एक शेजारी अब्बांना म्हणाले, “या वयात हे काय?” अब्बा म्हणाले, “माझं वय काय होतं? अठ्ठावन्नपर्यंत चालवली मी.” अम्मी आधी गप्प होती. नंतर हळद-दूध तिनंच करून दिलं.

आता आपा सायकल सफाईनं चालवते. पण शाळेत अजून रिक्षानंच जाते. कारण साडेतीन किलोमीटरच्या रस्त्यावर एक चौक असा आहे की तिथं मलाही छाती धडधडत जावं लागतं. फूटपाथ पार्किंगखाली, डावीकडे बस, उजवीकडे टँकर. इथं हिंमत शिकवून भागत नाही, रस्ताच लागतो. पुणे महापालिकेनं डिसेंबर २०१७ मध्ये शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. कागद चांगला आहे, जमिनीवर त्यातलं फार थोडं उतरलं. जे ट्रॅक झाले, त्यातल्या कितीतरी ठिकाणी गाड्या उभ्या असतात.

आपण म्हणतो, युरोपात बघा कसे रस्ते असतात. नेदरलँड्सला ते आयते मिळाले नाहीत. १९७१ साली तिथं वर्षभरात तीन हजारांहून अधिक माणसं रस्त्यावर मेली, त्यात चारशेहून अधिक मुलं होती. तेव्हा आई-बाप, विद्यार्थी, सामान्य नागरिक रस्त्यावर उतरले. मुलांचे बळी थांबवा, ही त्यांची मागणी होती. अनेक वर्षं मागणी लावून धरल्यावर रस्ते बदलले. आम्ही चाळीस जण सहा वर्षं दर रविवारी रस्त्यावर असतो. एकदाही वॉर्ड ऑफिसात गेलो नाही.

आता थोडं अवघड बोलतो. या क्लबात मुस्लिम आम्ही दोघंच. दोन वर्षांपूर्वी ग्रुपवर एकानं आपल्या समाजाबद्दलचा एक विखारी फॉरवर्ड टाकला. मी ग्रुप सोडायच्या बेतात होतो, अंगठा बटणावर होता. मग दोन ओळी लिहिल्या, ‘यातली माहिती खोटी आहे. आणि मी या ग्रुपवर आहे.’ ॲडमिननं तो मेसेज काढला, बाकी सगळे गप्प. ती शांतता मला फॉरवर्डपेक्षा जास्त लागली. पुढच्या रविवारी बोपदेवच्या चढावर त्याच माणसाची चेन तुटली. चेन टूल माझ्याकडे होतं. वीस मिनिटं आम्ही कठड्याजवळ बसून काळे हात करत होतो. शेवटी तो म्हणाला, “न वाचताच पुढं ढकललं होतं.” ही माफी नव्हती. पण मी ग्रुप सोडला असता तर ती वीस मिनिटंही झाली नसती.

सायकल चालवून द्वेष संपतो, असा भाबडा दावा मी करत नाही. घर भाड्यानं शोधताना आडनाव ऐकून फोन ठेवणारे मलाही भेटलेत. त्यामुळं आपल्यातला एखादा तरुण आपल्याच माणसांत राहणं पसंत करतो, ते मला समजतं. तरीही मला वाटतं, सायकल क्लब, वाचनालय, ट्रेकिंगचा ग्रुप, सोसायटीची मीटिंग या जागा सोडू नयेत. पाहुण्यासारखं कोपऱ्यात बसू नये. वर्गणी भरणाऱ्या, मत मांडणाऱ्या, वेळ आली तर “हे चुकीचं आहे” म्हणणाऱ्या सभासदासारखं राहावं. आणि तोच प्रश्न घरातही विचारावा. बाहेर बरोबरीची जागा मागणाऱ्यानं घरात बहिणीची सायकल काढून घेतली असेल, तर त्याच्या मागणीत दम राहत नाही.

यंदा मी ग्रुपवर जे उद्दिष्ट लिहिलं ते असं. एक, आपा जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा सायकलनं शाळेत जाईल. दोन, त्या चौकासाठी फोटो आणि मोजमापांसह वॉर्ड ऑफिसला अर्ज, आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याला पाठपुरावा. तीन, क्लबच्या वर्गणीतून शंभर मागचे दिवे घेऊन पहाटे भेटणाऱ्या कामगारांच्या सायकलींना बसवून द्यायचे. चार, महिन्यातला एक रविवार नव्यानं शिकणाऱ्यांसाठी, मैदानावर, कोणत्याही मोहल्ल्यातल्या कुणासाठीही. राहिलेली ४०० पावसाळ्यानंतर बघू. रमजान फेब्रुवारीत सुरू होतोय आणि नंतर ऊन, गुडघ्यालाही तेवढीच विश्रांती.

ग्रुपवर पहिलं उत्तर स्टेशनरीवाल्या काकांचं आलं. “दिव्यांचे पैसे मी देतो, पण बसवायला येणार कोण?” रात्रीपर्यंत अकरा नावं आली. चेन तुटलेल्या माणसाचं नाव सातवं होतं. आपाला यादी दाखवली. ती म्हणाली, “आधी चौकाचं बघ.”