अक्कलदाढ आलीच नाही तर?

‘गुरुजी, माझ्या दादाला अक्कलदाढ आलीच नाही. मग त्याला अक्कल नाही का?’ असं आमच्या वेवजीच्या वर्गात चौथीतल्या एका मुलीने विचारलं. वर्ग खो-खो हसला. प्रश्न मात्र चांगला आहे, म्हणून आज तोच घेऊ या.

ही दाढ साधारण १७ ते २१ व्या वर्षी येते, कधी पंचविशीही गाठते. तोवर माणूस शहाणा झाला असेल, ही जुन्यांची समजूत! सीमेपलीकडे गुजरातीतही तिला ‘डहापणनी दाढ’ म्हणतात. डहापण म्हणजे शहाणपण.

आता हात धुऊन आरसा घ्या. वरच्या जबड्याच्या मध्यापासून एका बाजूचे दात मोजा. दोन पटाशीचे, एक सुळा, दोन उपदाढा, मग दाढा. पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. (पुष्कळ आई-बाबा हिला दुधाची समजतात. ही गेली की दुसरी येत नाही हं!) दुसरी बाराव्या वर्षाच्या आसपास. तिच्यामागे आठवी जागा अक्कलदाढेची.

ती जागा तुम्हाला रिकामी दिसेल. पण आठ-दहा वर्षांच्या बऱ्याच मुलांच्या जबड्यात, हाडाच्या आत, या दाढेचा माथा आत्ताच घडत असतो! मुळं नंतर फुटतात.

वरची अक्कलदाढ भारी लहरी. वरच्या पहिल्या दाढेला चार ठळक उंचवटे आणि तिवईसारखी फाकलेली तीन मुळं असतात. अक्कलदाढ तिच्याहून लहान. पुष्कळदा उंचवटे तीनच, म्हणून माथा तिकोनी. मुळं आखूड आणि बऱ्याचदा एकमेकांना चिकटलेली. कुणाची दाढ नुसती बारीक खुंटी, कुणाची गालाकडे कललेली, मग जेवताना गाल चावला जातो. कुणाची हाडातच अडकते. आणि कुणाची बनतच नाही! जगात साधारण पाचांतल्या एकाला चारपैकी एखादी तरी अक्कलदाढ नसतेच.

दातांवरून वय ओळखता येतं, हे खरं. पुणे जिल्ह्यात इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. तिथे सापडलेल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या मुलांची वयं दातांवरून ठरवता आली. पण ते दुधाचे आणि आधीचे दात. अक्कलदाढ कुणाची अठराच्या आधीच डोकावते, कुणाची कधीच नाही. म्हणून ‘दाढ आली, पोरगी लग्नाची झाली’ असं कुणी म्हणालं तर पालकांनो, ऐकू नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही वयासाठी आधी शाळेचा किंवा जन्माचा दाखला पाहतात, वैद्यकीय तपासणी त्यानंतर.

आणि त्या दादाचं काय? त्याची दाढ अडकलीय की बनलीच नाही, ते दातांच्या डॉक्टरांना एक्स-रेत दिसेल. अकलेचा एक्स-रे अजून निघालेला नाही.