जिथे धूर, तिथे मीठ!

शुक्रवारी रात्री साडेदहाला ऑफिसची कॅब सोसायटीच्या गेटवर सोडते, तेव्हा मला जेवण नको असतं, बक्षीस हवं असतं. गेली दोन वर्षं हे बक्षीस ठरलेलं होतं. ब्रेडच्या दोन स्लाइस, बटर आणि फ्रीजमधलं स्मोक्ड चीज. तव्यावर दाबून भाजायचं, चीज कडेने ओघळायला लागलं की थेट ताटलीत. अर्थात सँडविच ताटलीत पडेपर्यंत पाकिटातलं उरलेलं चीज नुसतंच खाऊन झालेलं असायचं. तुमच्याही फ्रीजमध्ये असं काहीतरी असणारच. नाही म्हणत असाल तर तुम्ही चक्क खोटं बोलताय!

मग जूनमध्ये ऑफिसचं वार्षिक हेल्थ चेकअप झालं. वजन ठीक, शुगर ठीक आणि बीपी १४६/९४. वय वर्षं ३१. मी डॉक्टरांना म्हटलं, तुमचं मशीन बिघडलंय. त्यांनी शांतपणे दहा मिनिटं बसवलं आणि पुन्हा मोजलं. १४४/९४.

"घरात कुणाला आहे?"

आहे ना, बाबांना आहे. ४९व्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला, मी तेव्हा कॉलेजात होते. आज ते स्वतःचं स्वतः चालतात, पेपर वाचतात, माझ्याशी क्रिकेटवरून भांडतात. पण शर्टाची बटणं अजून आईच लावते. हे सगळं डॉक्टरांना सांगताना माझा आवाज जरा बारीकच झाला. ते म्हणाले, "गोळी लगेच नको. तीन महिने बघू. चाला, झोपा आणि मीठ मोजा."

मीठ मोजा? अहो, आमच्या घरात बाबांमुळे पापड-लोणच्यांना केव्हाच बंदी आहे. ताटात वरून मीठ घेणं तर गुन्हाच! मग मोजायचं काय? आईने एका सेकंदात निकाल दिला. "तुझं ते जळकं चीज आधी बंद कर." (स्मोक्ड चीजला आई पहिल्या दिवसापासून जळकं चीज म्हणते. गॅसवर विसरलेल्या दुधाचा वास येतो म्हणे.)

मी अर्थातच वाद घातला. चीज म्हणजे प्रोटीन, चीज म्हणजे कॅल्शियम, वगैरे वगैरे. आणि वाद जिंकायचाच म्हणून आयुष्यात पहिल्यांदा पाकीट उलटं करून मागचा बारीक टाइप वाचला. मंडळी, तिथेच हरले मी!

आधी माझ्या बाजूचे मुद्दे, कारण तेही खोटे नाहीत. स्मोक्ड चीज हे आधी चीज असतं, धूर नंतर. धुरात कॅलरीज नसतात, प्रोटीनही नसतं. त्यामुळे साधं गूडा आणि स्मोक्ड गूडा यांच्या पोषणात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. १०० ग्रॅम गूडामध्ये साधारण २५ ग्रॅम प्रोटीन, ७०० मिलिग्रॅम कॅल्शियम, २७ ग्रॅम फॅट आणि साडेतीनशेच्या वर कॅलरीज. आता कुणी शहाणा माणूस एका बैठकीत १०० ग्रॅम खात नाही (माझ्याबद्दल बोलत नाहीये), तेव्हा ३० ग्रॅम धरा, म्हणजे काड्यापेटीहून थोडा मोठा तुकडा. त्यात साडेसात ग्रॅम प्रोटीन मिळालं, म्हणजे एका अंड्यापेक्षा जरा जास्तच. कॅल्शियम २०० मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेचा पाचवा हिस्सा. वर बी-१२, जे आपल्या शाकाहारी मंडळींच्या रिपोर्टमध्ये नेहमी लाल अक्षरात येतं. आणि दूध पचत नाही म्हणणाऱ्यांसाठी खुशखबर अशी, की मुरवलेल्या चीजमध्ये लॅक्टोज जवळजवळ उरतच नाही. काय वाईट आहे सांगा?

वाईट आहे ते सोडियम. साध्या गूडाच्या १०० ग्रॅममध्ये आठशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. माझ्या हातातलं पाकीट मात्र गूडा नव्हतंच. समोर ऐटीत 'स्मोक्ड' आणि मागे बारीक अक्षरात प्रोसेस्ड चीज, इमल्सिफायिंग सॉल्ट्स आणि स्मोक फ्लेवर. हे इमल्सिफायिंग सॉल्ट्स म्हणजे बहुतेक वेळा सोडियमचेच फॉस्फेट किंवा सायट्रेट. चीज तव्यावर न फुटता गुळगुळीत वितळतं ते यांच्याच कृपेने. त्यामुळे तिथला सोडियमचा आकडा होता १०० ग्रॅमला बाराशेच्या वर. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं. म्हणजे तीन ग्रॅम मीठ! जागतिक आरोग्य संघटना दिवसभराला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. त्यातलं निम्म्याहून जास्त मी रात्री साडेदहाला, टीव्हीसमोर, बक्षीस म्हणून खात होते. ब्रेड आणि बटरमधलं मीठ वेगळंच. आणि गंमत म्हणजे ते खारट लागत नाही हो! धुराचा वास आणि चीजचा स्निग्धपणा मिठावर मस्त पांघरूण घालतात. पापड निदान प्रामाणिक असतो, जिभेला लगेच सांगतो.

पण चीज एकदम बंद करायचं माझ्या जिवावर आलं. तेवढ्यात आमच्या टीममधली कोलकात्याची मैत्रीण सुट्टीवरून परत आली आणि तिने माझ्या डेस्कवर एक पुडी ठेवली. आत भाकरीच्या तव्यावर विसरल्यासारख्या दिसणाऱ्या, तपकिरी, कडक चार चकत्या. बांडेल चीज! आपल्या देशातलं, आपलं स्वतःचं स्मोक्ड चीज. मला पत्ताच नव्हता. हुगळी नदीकाठचं बांडेल ही जुनी पोर्तुगीज वसाहत. तिथल्या चर्चची सुरुवात १५९९ची. चीज तिथल्या पोर्तुगीजांकडून आलं असं मानतात, बनवणारे मात्र बंगालीच. गाईचं दूध आंबट घालून फाडायचं, छोट्या साच्यांत निथळायचं, मीठ लावायचं आणि लाकडाच्या धुरावर ठेवायचं. साधंही मिळतं, धुरावलेलंही. कोलकात्याच्या न्यू मार्केटमध्ये ते अजून विकतात.

मी तिथल्या तिथे एक तुकडा तोंडात टाकला आणि माझा चेहरा बघून ती खो खो हसायला लागली. खारट म्हणजे किती खारट! "अगं वेडे, हे असं खात नाहीत. रात्रभर पाण्यात भिजवायचं, सकाळी पाणी फेकून द्यायचं. मग जरासं कुस्करून कशावर तरी घालायचं."

माझ्या डोक्यात दिवा पेटला तो इथे. ज्यांनी हे चीज शेकडो वर्षं खाल्लं, त्यांनी ते कधी पोटभर खायचं म्हणून बनवलंच नव्हतं. फ्रीज नव्हते तेव्हा दूध टिकवायचं तर मीठ लावा, पाणी काढा आणि धूर द्या. धुरातली फिनॉल नावाची द्रव्यं जंतूंना आणि खवटपणाला अडवतात. स्पेनच्या बास्क भागातलं इदियाझाबाल घ्या, मेंढपाळांच्या झोपडीत चुलीजवळ ठेवलेल्या चीजला आपोआप धूर लागायचा. पोलंडच्या तात्रा डोंगरातलं ओस्त्सिपेक घ्या. मेंढीच्या दुधाचं, चरख्याच्या चातीसारख्या आकाराचं, आधी मिठाच्या पाण्यात बुडवलेलं आणि मग मेंढपाळाच्या झोपडीत धुरावर मुरवलेलं. त्याला २००८मध्ये युरोपियन युनियनचं संरक्षित नाव मिळालं. ते तिथे कसं खातात? पातळ काप, निखाऱ्यावर शेकून, वर आंबट-गोड क्रॅनबेरीचा मुरंबा. तुकडा केवढा, तर दोन घासांचा. कोकणात आजीच्या घरी सुकी मासळी असायची, तीही कुणी भातासारखी खात नाही. तोंडी लावणं! आपल्याकडे केवढा नेमका शब्द आहे. आणि आम्ही स्लाइसच्या पाकिटांमुळे तोंडी लावण्याची भाजी करून टाकली.

तर आता माझ्या स्वयंपाकघरातला कायदा असा: ज्या पदार्थात स्मोक्ड चीज पडणार, त्यात मिठाचा डबा उघडायचा नाही. आणि माणशी २० ग्रॅमच्या वर नाही. वजनकाटा नसेल तर किसून दोन मोठे चमचे. किसणं महत्त्वाचं, कारण किसलेलं चीज पसरतं आणि प्रत्येक घासाला धुराचा वास येतो. स्लाइस एकाच घासात संपते.

सगळ्यात भारी जमतं ते बटाट्याबरोबर. सालासकट उकडलेला बटाटा मधोमध फोडायचा, आत मिरपूड, कांद्याची पात आणि वर किसलेलं स्मोक्ड गूडा. बटाटा स्वतः अळणी, त्यामुळे तो चीजचं मीठ आनंदाने पितो. मक्याच्या सूपवर, बिनमिठाच्या ऑम्लेटमध्ये, दुधी किंवा लाल भोपळ्याच्या भाजलेल्या फोडींवर, सगळीकडे चालतं. थालीपिठात पीठ भिजवताना घातलं तर कडा अशा काही खरपूस होतात की विचारू नका. भरतात मात्र घालू नका, मी घालून बघितलं. वांगं आधीच भाजलेलं, त्यावर चीजचा धूर, नुसती शेकोटी लागते. आणि ओस्त्सिपेकची आयडिया ढापायची असेल तर शेकलेल्या कापावर आईचा साखरांबा. अर्धाच चमचा, पण वीकएण्डला पाहुण्यांसमोर ठेवा आणि गंमत बघा.

बांडेलचं वेगळं. ते दूध फाडून केलेलं, म्हणजे पनीरचं नातेवाईक, त्यामुळे वितळत नाही. पिझ्झावर घालून वाट बघत बसाल. भिजवून, कुस्करून काकडी-टोमॅटोच्या सॅलडवर किंवा गरम पास्त्यावर शेवटी भुरभुरवायचं. भिजवलेलं पाणी फेकायचं, आमटीत घालायचं नाही, सगळं मीठ त्यातच उतरलेलं असतं!

आता धुराबद्दल, कारण 'स्मोक्ड म्हणजे कॅन्सर' असा एक मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन महिन्यांनी येतो. लाकूड जळताना बेन्झोपायरीनसारखी घातक द्रव्यं तयार होतात हे खरं आहे. चीजमध्ये ती मुख्यतः बाहेरच्या सालीत राहतात, म्हणून तपकिरी साल कापून टाकावी. फ्लेवरची बाटली जास्त सुरक्षित असंही नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३मध्ये आठ स्मोक फ्लेवरिंग्ज तपासली आणि एकाचीही सुरक्षितता सिद्ध मानली नाही. २०२४मध्ये युरोपियन युनियनने त्यांची परवानगी पुढे न वाढवायचं ठरवलं. चीजसारख्या पदार्थांना त्यातून बाहेर पडायला २०२९पर्यंत मुदत आहे. तेव्हा लेबल वाचा आणि अधूनमधून, थोडं खा. रोज पाकीटभर खाणाऱ्याला धुराच्या आधी मीठच गाठेल, माझा रिपोर्ट साक्षीला आहे.

आणि धुराचीच चटक असेल, मिठाची नाही, तर आपल्याकडे त्याचा उपाय आधीपासून आहे. ताकाला कोळशाची धुरी देतात ना? तीच पनीरला द्यायची. पनीरमध्ये सहसा मीठ नसतंच. पातेल्यात पनीरचे तुकडे, मधे स्टीलची वाटी, वाटीत गॅसवर लाल केलेला कोळसा, त्यावर अर्धा चमचा तूप आणि झटकन झाकण. सात-आठ मिनिटांत पनीरला असा काही वास लागतो की बाबा हॉलमधून विचारतात, "आज काय विशेष?" फक्त खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट चालू ठेवा, आणि कोळसा काम झाल्यावर पाण्यात विझवा. धुमसत ठेवू नका, बंद घरात तो धोक्याचा आहे. बाबांना स्मोक्ड चीज कधीच देता येत नव्हतं. हे पनीर ते लिंबू पिळून चार-पाच तुकडे आरामात खातात. काटा उजव्या हातात धरून, जरा वेळ लागतो, पण कुणी भरवायचं नाही असा त्यांचा हुकूम आहे.

सप्टेंबरमध्ये मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. १३०/८४. यात चीजचं श्रेय किती आणि रोजच्या पाच मजले जिन्यांचं किती, ते डॉक्टरही सांगू शकले नाहीत. अजून तीन महिने असंच चालू ठेवा म्हणाले. (तुमचा आकडा वेगळा असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझ्या कॉलमला नको!)

शुक्रवारचं बक्षीस अजून आहे. सँडविचऐवजी बटाटा, पाकिटाऐवजी दोन चमचे. पहिले काही आठवडे फार चिडचिड झाली, खोटं कशाला सांगू. मैत्रीण पूजेला पुन्हा कोलकात्याला चालली आहे. मी तिला सहा चकत्या सांगितल्या आहेत. चार माझ्या आणि दोन आईच्या, थालीपिठासाठी. जळकं चीज म्हणायचं मात्र तिने अजून सोडलेलं नाही.